रोलीचा पिवळा किरण

ग्लेनिस : अशी बघू नकोस माझ्याकडे. चहाच सांडलाय, रक्त नाही.

नायरी : मावशी, तू कपाच्या शेजारी ओतलास. टेबलावर. आणि ओततच राहिलीस.

ग्लेनिस : कप सरकला असेल.

नायरी : कप जागचा हललेला नाही. मी समोर बसलेय, मला दिसतंय.

ग्लेनिस : सिडनीत राहून पोलिसात भरती झालीस वाटतं. ते फडकं दे इकडे. आणि आवाज खाली. तुझा काका शेडमध्ये आहे, पण कान इथेच ठेवून गेलाय.

नायरी : म्हणजे काकांना माहीत नाही.

ग्लेनिस : काय माहीत नाही?

नायरी : तू मला आत्ता जे सांगणार आहेस ते.

ग्लेनिस : तुझी आईपण अश्शीच. उगाच नाही माझी बहीण. घे, आधी स्कोन खा. जर्दाळूचा जॅम तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

नायरी : मावशी.

ग्लेनिस : बरं बाई. उजवा डोळा. मधोमध एक ठिपका पडलाय. काळा नाही, राखाडी. बघेन तिथे आधी जाऊन बसलेला असतो. आता तुझ्याकडे बघतेय तर तुला नाक नाही. कान आहेत, केस आहेत, ते नवे लोंबते डूलसुद्धा आहेत. नाक तेवढं कोणीतरी पुसून टाकलंय.

नायरी : कधीपासून?

ग्लेनिस : थंडी पडायला लागली तेव्हापासून. शब्दकोडं सोडवताना मधली अक्षरं गळायला लागली. आधी वाटलं चष्मा मळला असेल. पुसला. मग वाटलं छापणाऱ्यांचाच गोंधळ असणार. चांगलं खरमरीत पत्र लिहिणार होते त्यांना.

नायरी : आणि डॉक्टर?

ग्लेनिस : मंगळवारी डब्बो शहरात जायचंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तुझ्या काकाला सांगितलंय, लोकर आणायला चाललेय.

नायरी : डोळा गेलाय आणि तू लोकर सांगतेस!

ग्लेनिस : गेला नाहीये. जातोय. आणि त्यात नवीन ते काय? माझ्या आईचं असंच झालं. शेवटी शेवटी तिला मेंढी कुठली आणि पाहुणा कुठला ते कळत नव्हतं. आपल्या घराण्यातच आहे ते. आज ना उद्या यायचं होतं, आलं. माझ्या मनाची तयारी झालीय. त्याला कसं सांगायचं तेवढं जमत नाही. त्याने जन्मभर दुसरं केलंय काय? हे बघ ग्लेन, ते बघ ग्लेन. आता ग्लेनला दिसत नाही म्हटल्यावर त्याने दाखवायचं कोणाला?

नायरी : थांब, थांब. आजीचं वेगळं होतं. तिला आधी रेषा वाकड्या दिसायच्या. खिडकीची चौकट, तारेचं कुंपण. वर्षानुवर्षं हळूहळू चाललं होतं ते. तू ती दाराची चौकट बघ. डावा डोळा झाक. वाकडी दिसते?

ग्लेनिस : तुझ्या काकाने बसवलीय म्हणून आहे तेवढीच वाकडी. फक्त मधला तुकडा नाही तिला.

नायरी : आणि हे हळूहळू झालं का एकदम?

ग्लेनिस : एक दिवस नव्हतं, दुसऱ्या दिवशी होतं. मग मध्ये एकदा आणखी जरासं पसरलं.

नायरी : एकदम? मला नाही पटत. मी डॉक्टर नाही, मी त्यांची लेझरची यंत्रं सांभाळते, पण रोज त्या इस्पितळात खोलीबाहेर बसलेली माणसं बघते ना. म्हातारपणाचा डोळा असा एका रात्रीत... तू सूर्याकडे बघितलं होतंस का कधी? ग्रहणबिहण?

ग्लेनिस : अगं, दुर्बिणीवाल्याशी संसार केलाय मी! सूर्याकडे बघायचं नाही हे त्याने मला लग्नाच्या शपथेआधी बजावलं होतं. शू! आला. एक शब्द बोललीस तर स्कोन परत घेईन.

रोली : नायरी! अगं पोरी, आलीस कधी? त्या कुत्र्याला पोसतो कशाला मी, भुंकलासुद्धा नाही. थांब, मिठी नको, हात ग्रीसने बरबटलेत. ग्लेन, टेबल ओलं का?

ग्लेनिस : चहा सांडला.

रोली : परत? परवापण सांडलास. म्हातारी झालीस.

ग्लेनिस : तुझ्याआधी नाही.

रोली : ते जाऊ दे. नायरी, डोळे मीट आणि हात पुढे कर. मीट गं! लेझरवाली बाई म्हणवतेस ना? आज तुझी बोलतीच बंद करतो.

नायरी : हे काय? टॉर्च? चांगला जाडजूड आहे की.

रोली : लेझर आहे. आता रंग ऐक. पिवळा.

नायरी : काहीतरीच काका.

रोली : पिवळा म्हणजे पिवळा! वॅटलचं झाड फुलल्यावर दिसतो ना, तसा.

नायरी : हातात धरायचा पिवळा? खरंच? इतकी वर्षं या कामात आहे मी, असला पिवळा फक्त फोटोत बघितलाय. मिळाला कुठे तुम्हाला?

रोली : आपल्या तारे बघणाऱ्यांच्या क्लबातला वॉली ट्रेनग्रोव्ह गेला ना, त्याच्या बायकोने शेड रिकामी केली. सगळे मेले भिंगांवर तुटून पडले. मी कोपऱ्यातल्या खोक्यात हात घातला तर हे. वॉलीने जिवंतपणी कोणाला दाखवला नव्हता. चिक्कू!

ग्लेनिस : तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. जेवताना शेजारी ठेवतो. माझं ताट एकदा बाजूला सारलं त्याच्यासाठी.

रोली : तिचं काय ऐकतेस? आमच्या मेळाव्याला किती माणसं येतात माहितीये ना तुला, आज संध्याकाळी बघशीलच. आणि तारे दाखवायला प्रत्येकाच्या हातात हिरवा लेझर. आकाशात नुसतं गवत माजल्यासारखं होतं. ही बाई चहाचं भांडं घेऊन अंधारात मला शोधत फिरते. म्हणून म्हटलं, आपला वेगळा हवा. पिवळा दिसला की समजायचं, तिथे रोली. पण मला एक सांग. लाल ढिगाने मिळतो, हिरवा ढिगाने मिळतो, निळा, जांभळा, सगळं मिळतं. पिवळ्यानेच कोणाचं काय घोडं मारलंय?

नायरी : लाल, निळा, जांभळा यांचं सोपं असतं, काका. तांदळाच्या दाण्याहून लहान चकती. वीज दिली की रंग बाहेर. हिरवा जरा लबाड. बऱ्याच हिरव्या लेझर-पेनांत आधी डोळ्यांना न दिसणारा उजेड तयार होतो, तो स्फटिकातून नेला की हिरवा होऊन बाहेर पडतो. पण हिरव्याला गिऱ्हाईक फार. कारखान्यांनी करून करून तो स्वस्त केला. पिवळ्याचं मात्र नशीबच फुटकं. सरळ पिवळा देईल अशी धड चकतीच नाही.

रोली : एवढे मोठे मोठे लोक बसलेत आणि एक पिवळी चकती जमत नाही?

नायरी : ज्या मालातून लाल निघतो त्याला पिवळ्याकडे ओढलं की तो दमतो. ज्यातून निळा-हिरवा निघतो त्याला या बाजूला ओढलं की तोही दमतो. पिवळा नेमका दोघांच्या मधे.

ग्लेनिस : दोन शेजाऱ्यांच्या मधलं कुंपण. दुरुस्त कोणीच करत नाही.

नायरी : अगदी तसंच! मग काय करायचं, तर न दिसणारे दोन वेगवेगळे उजेड एकाच वेळी तयार करायचे आणि स्फटिकात त्यांची गाठ घालून द्यायची. जमलं तर पिवळा. केसभर तिरकं झालं, जरा गार पडलं, जरा तापलं, की गाठ सुटली. आमच्या इस्पितळात एक पिवळा आहे, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या शेकायला. छोट्या फ्रीजएवढं धूड आहे ते. त्याला पंखे लागतात, थंडावा लागतो आणि वर मी लागते. तेव्हा कुठे साहेब चालतात.

रोली : आणि वॉलीकडे तो खिशात होता. बघितलंस?

नायरी : म्हणून तर आश्चर्य वाटलं. एवढा खटाटोप करून पिवळा मिळतो चिमूटभर, बाकी सगळा उजेड वाया. बॅटरी खातो ती वेगळीच. कोण करत बसणार? हजारात एखादा हौशी घेतो.

रोली : चिमूटभर! अगदी बरोबर बोललीस. पहिल्यांदा लावला तर किरण कसला, सशाची मिशी. गारठ्यात तर आणखीच मलूल.

ग्लेनिस : मी म्हटलं, वॉलीच्या आत्म्याला शांती मिळो, आणि याच्या बॅटरीलाही.

रोली : हसली मला! पण मी काय तसा सोडणारा आहे? पुढची टोपी फिरवून काढली. आत बघतो तर लेन्सच्या पुढे नखाएवढी काच बसवलेली, निळसर. आता तूच सांग, दुर्बिणीवाला कशाला भितो? फुकटच्या काचेला! प्रत्येक काच उजेड खाते. एक काच कमी व्हावी म्हणून आम्ही जीव टाकतो. हात हल्ली जरा हलतो माझा, पण चिमटा लावला आणि एका झटक्यात काढली.

नायरी : काय काढलंत?

रोली : ती काच. आणि काय सांगू तुला, उजळला! फार नाही, पण उजळला.

नायरी : काका, ते पेन खाली ठेवा.

रोली : अगं, बंद आहे.

नायरी : खाली ठेवा. टेबलावर. तोंड भिंतीकडे करा. हात काढा त्याच्यावरून. मावशी, तू मागे हो.

ग्लेनिस : साप निघाल्यासारखं काय करतेस?

नायरी : बाकीचा उजेड वाया जातो, असं म्हटलं ना मी मघाशी? वाया म्हणजे कुठे जातो ते विचारलं नाहीत तुम्ही.

रोली : कुठे जातो?

नायरी : त्याच तोंडातून बाहेर. पिवळ्याच्या बरोबरीने. दिसत नाही, पण असतो. पिवळ्याच्या कितीतरी पट. त्यालाच अडवायला ती काच बसवलेली असते. तुमचा पिवळा ती जेमतेम चाखत होती, काका. खात होती ती हे दुसरं.

रोली : दिसत नाही तो उजेड कसला? तुम्ही इस्पितळवाले माणसाला उगाच घाबरवता.

नायरी : कोल्ह्यासाठी कोंबड्यांपाशी कॅमेरा लावलाय म्हणून फोनवर सांगत होतात ना? अंधारात बघणारा? कोल्ह्याला जो उजेड दिसत नाही आणि कॅमेऱ्याला दिसतो, तसलाच हा. घेऊन या तो. आणि ती काच. फेकली नाहीत ना?

रोली : मी कधी काही फेकतो का? स्क्रूंच्या बरणीत आहे.

ग्लेनिस : पळाला की! एवढ्या घाईत मी त्याला फक्त ग्रहणाच्या दिवशी बघितलंय. नायरी, काय गं? तुझं नाक मला दिसत नाही, पण ओठ पांढरे पडलेले दिसतायत.

नायरी : काही नाही. आधी बघू दे. ते पायपुसणं दाराला अडकव. खरखरीतच हवं. ती किटली झाक, चमकतेय. इथे कुठे आरसा नाही ना?

ग्लेनिस : स्वयंपाकघरात आरसा? या वयात?

(रोली धापा टाकत कॅमेरा आणि नखाएवढी काच घेऊन येतो. पडदे ओढले जातात. तिघं टेबलामागे उकिडवी बसतात. कॅमेरा टेबलावर, पायपुसण्याकडे तोंड करून. त्यांनी बघायचं ते फक्त त्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर. या वयात लपाछपी खेळतोय असं वाटून ग्लेनिसला हसू येतं. ते फार वेळ टिकत नाही.)

नायरी : मान वर काढायची नाही कोणी. काहीही झालं तरी. लावते.

रोली : हे काय?

ग्लेनिस : सगळं पांढरं झालं.

रोली : पेटलं! नायरी, पायपुसणं पेटलं!

नायरी : काही पेटलेलं नाही. बसा खाली! डोळ्यांनी बघितलं तर तिथे वाटाण्याएवढा पिवळा ठिपका आहे, मिणमिणता. हे जे सगळं भकभक पांढरं दिसतंय, ते तुमचं वाया गेलेलं. आता काच धरते पुढे. बघा.

रोली : विझलं.

नायरी : विझलं नाही. काचेने खाल्लं. परत काढते.

रोली : अरे देवा. बंद कर. बंद कर, नायरी. बंद कर ते!

नायरी : केलं. केलं बंद. बॅटरी काढून माझ्या खिशात ठेवलीय.

रोली : एवढीशी काच. बोटाच्या नखाएवढी. मी शीळ घालत काढली ती.

ग्लेनिस : पाणी घे, रोली. रंग उडालाय तुझा.

नायरी : काका, माझ्याकडे बघा. भगभगीत काही दिसलं की माणसाचा डोळा आपोआप मिटतो. पण दिसलं तर! जे दिसतच नाही त्याला डोळा मिटणार कसा? उलट अंधारात बाहुली मोठी झालेली असते, दार सताड उघडं. हा सरळ आत शिरतो आणि डोळ्याच्या पडद्यावर एका जागी भाजतो. दुखतसुद्धा नाही. मला अगदी खरं सांगा. हा तुम्ही फक्त आकाशाकडेच मारलात ना?

रोली : आकाशाकडेच! शपथ घेतो. माणसावर नाही, विमानावर नाही, कोल्ह्यावरसुद्धा नाही. मी काय वेडा आहे?

नायरी : मग सुटलो. काळजात धस्स झालं होतं माझ्या. सुटलो.

रोली : आकाशाकडे, आणि ते आपलं आरसा जुळवायला. बस.

नायरी : कसला आरसा?

रोली : मोठ्या दुर्बिणीचा गं. तो हलतो, दर वेळी जुळवावा लागतो, नाहीतर तारे शेपटीवाले दिसतात. आपण डोळा लावतो त्या जागी लेझर बसवायचा. किरण आत जातो, तळाच्या आरशावर पडतो, परत येतो. ठिपका आरशाच्या मधोमध आणला की काम झालं. छोटा लाल होता माझ्याकडे त्यासाठी, पण त्याची बॅटरी पाझरली. हा हाताशी होताच. मी आपला तळाशी बसून स्क्रू फिरवतो आणि...

नायरी : आणि?

रोली : आणि...

नायरी : ठिपका कुठे पडला ते आत डोकावून कोण बघतं, काका?

ग्लेनिस : मी.

नायरी : मावशी...

ग्लेनिस : मीच बघते. नळीच्या तोंडाशी मी, तळाशी तो. मी ओरडायचं, डावीकडे, जरा वर, बस. लग्नाआधीपासून असंच आहे आमचं. क्लबातले बाकीचे आपापलं एकट्याने करतात. आम्ही नाही करत.

नायरी : आरसा फारच हललेला असला तर तो किरण परत कुठे जातो?

रोली : कुठे म्हणजे... बाजूने निसटतो. नळीच्या तोंडातून बाहेर.

नायरी : जिथे मावशी उभी असते.

रोली : नायरी, नको. नको बोलूस.

ग्लेनिस : चमकायचं कधी कधी डोळ्यात पिवळं. मऊ असायचं अगदी, लोण्यासारखं. पापणीसुद्धा लवायची नाही माझी. मी म्हणायचे त्याला, हिरव्यापेक्षा बरा हा तुझा पिवळा, टोचत नाही.

रोली : ग्लेन, तुला काही झालं नाही ना? तुला दिसतंय ना गं सगळं? ग्लेन?

ग्लेनिस : कुठल्या डोळ्याने विचारतोस?

रोली : म्हणजे?

नायरी : सांग त्यांना, मावशी.

ग्लेनिस : उजव्याचं मधलं गेलंय. थंडी पडल्यापासून. मला वाटलं आईचं आलं माझ्यात. मंगळवारी लोकर आणायला नव्हते जाणार मी.

रोली : चहा.

ग्लेनिस : हो. चहापण त्यामुळेच.

रोली : मी तुला म्हातारी म्हटलं.

ग्लेनिस : ती तर मी आहेच.

रोली : थट्टा काय करतेस! अगं, थट्टा काय करतेस तू! मी केलं हे. या हातांनी केलं. तुझ्या आईने नाही, कोणी नाही, मी! मला आनंद झाला होता, ग्लेन, की आता तुला ठिपका नीट दिसेल.

नायरी : काका, बसा. खुर्चीवर बसा आधी. मावशी, आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. डावा. डाव्या डोळ्याने कधी डोकावलीस त्या नळीत?

ग्लेनिस : नाही. उजव्याचीच सवय. डावा मिटूनच घेते मी.

नायरी : उजवा बिघडल्यावरसुद्धा?

ग्लेनिस : बिघडल्यावर आणखी एकदा उजव्यानेच डोकावले, मग मी डोकावायचंच सोडलं. नळीपासून लांब उभी राहून अंदाजाने ओरडायचे. डावीकडे, वर, बस. त्याला कळू नये म्हणून. मागच्या वेळी तारे शेपटीवाले दिसत होते ना, रोली? तू सगळी रात्र आरशाला शिव्या घालत होतास.

रोली : मी तो आरसा उतरवून धुतला!

ग्लेनिस : माहितीये. टॉवेल माझा होता. बघून वाईट वाटलं मला, उगाच राबवलं तुला. म्हणून ठरवलं, या वेळी फसवाफसवी नाही. उजवा कामाचा नाही तर डाव्याने बघायचं, पण नीट बघायचं.

नायरी : या वेळी म्हणजे कधी?

ग्लेनिस : आज. आता. मेळाव्याची माणसं यायच्या आधी जुळवून ठेवायचा होता ना आरसा. चहा झाला की जाणारच होतो.

नायरी : आज.

ग्लेनिस : हो. तो पेन घेऊन आत आला ना, ते नुसतं तुला दाखवायला नाही.

रोली : मी तिला बोलवायला आलो होतो.

नायरी : मी तर आल्या आल्या आडवी होणार होते. एवढी गाडी चालवून आलेले. तू म्हणालीस, चहा घे आणि मग झोप. मी नको म्हटलं असतं तर... मावशी, मी नकोच म्हणणार होते गं.

ग्लेनिस : रडू नकोस. तू रडलीस तर हा कोसळेल.

नायरी : रडत नाहीये. फोन करतेय. शनिवारी आमच्याकडे कोण असतं ते बघते. मंगळवारबिंगळवार काही नाही, आत्ता निघायचं. सिडनीला. कोट घाल.

रोली : नायरी, तुमच्याकडे तो पिवळा आहे ना? फ्रीजएवढा? डोळे दुरुस्त करतो तो. तो करेल ना हे?

नायरी : काका, तो रक्तवाहिन्या शेकतो. जळलेलं परत नाही आणत.

रोली : मग दुसरं काहीतरी असेल. एवढं मोठं इस्पितळ आहे.

नायरी : सूज उतरली की थोडं भरून येतं कधी कधी. कधी नाही येत. मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. डाव्याला तो शिवलेला नाही, एवढंच मला आत्ता माहीत आहे, आणि मी त्याला घट्ट धरून बसलेय. इथे रेंज नाही का?

ग्लेनिस : फाटकापाशी जा. मोठ्या निलगिरीच्या झाडाखाली लागतो फोन. आणि क्लबातल्या कोणाला तरी कळव, संध्याकाळी इथे कोणी येऊ नका म्हणावं. रोली, तू ऊठ. खुर्ची दिली तर जमिनीवर काय बसलास?

रोली : तू तोंडाशी होतीस आणि मी आरशाच्या मागे. मागे काहीच येत नाही, ग्लेन. मला काही झालं नाही. मला एक ठिपकासुद्धा नाही.

ग्लेनिस : बरं झालं. नाहीतर गाडी कोण चालवणार होतं? नायरी दमलीय आणि मला रस्त्याच्या मधे भोक दिसतं.

रोली : हातोडा कुठाय? मी ते पेन...

ग्लेनिस : हात लावायचा नाही. नायरी नेईल ते, तिला कळतं त्याचं काय करायचं. तू आता काही उघडू नकोस, काही फोडू नकोस आणि काही दुरुस्त करू नकोस. मला राग आलाय, रोली. खूप आलाय. तुझाही आलाय आणि त्या लोकरीच्या थापेचा, माझा मलाही आलाय. सिडनी येईपर्यंत तो मी पुरवून पुरवून काढणार आहे, आणि तू ऐकून घेणार आहेस. आत्ता फक्त हे कोटाचं वरचं बटण लावून दे. मला काज सापडत नाहीये.

रोली : थांब. हलू नकोस. लागेल आत्ता. लागलं.

ग्लेनिस : चल मग.

रोली : मला तुला सापडायचं होतं गं, एवढंच. त्या सगळ्या हिरव्यांच्या गर्दीत. तुला लांबून कळावं, हा माझा म्हणून.

ग्लेनिस : हिरवा असता तरी कळलं असतं. बाकी सगळ्यांचे स्थिर असतात. थरथरतो तो तुझा.